परतीची तार

बायको गेली, म्हणून आता हे लिहितो. ती होती तोवर लिहिता येत नव्हतं. खरं म्हणजे लिहायला बसलो तिच्याबद्दलच, पण हात पुढं सरकेना. मग म्हटलं, साहेबांबद्दल लिहावं. साहेबांबद्दल लिहिलं की ती त्यात येतेच. मी मराठी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, त्यातली चौथी मास्तरांनी दया येऊन पार करवलेली. कुठं चुकलं तर हसा आणि पुढं चला.

साहेब म्हणजे माझे मालक. मूळचे देवासचे, पण नोकरी धारला, रस्ते अन् पुलांच्या खात्यात. पहिली मोठी लढाई लागायच्या आधीची गोष्ट आहे. त्या वेळी आमच्या भागात फटफटी म्हणजे साहेबांचीच. विलायतेहून आलेली, बाजूला माणूस बसायला डबा जोडलेला, पुढं विजेचा दिवा आणि विजेचाच भोंगा. पेट्रोल महूहून पत्र्याच्या डब्यांत यायचं. मी त्याआधी साहेबांच्या घोड्याचा मोतद्दार. घोडा विकला, मी राहिलो. साहेब म्हणाले, "घोड्याला खरारा करायचास तसा हिला कर. ही लाथ मारत नाही."

साफ खोटं. पहिल्याच आठवड्यात तिनं मला असा झटका दिला की कोपरापर्यंत मुंगळे डसल्यासारखं झालं. मी ओरडलो तर साहेब खूश. "अरे वा, म्हणजे ठिणगी दमदार आहे."

त्यांची सगळ्यांत मोठी खोड म्हणजे जीभ. जे समजत नाही ते चाटून बघायचं. रस्त्याच्या कामावरचा चुना चाटायचे, विहिरीचं पाणी, गंजकं लोखंड, नवी आलेली खडीसुद्धा. बॅटरीत वीज आहे का हे बघायला तिच्या दोन्ही तारा जिभेला लावायचे. वीज असली की तोंड वाकडं करून म्हणायचे, "आंबट." नसली की, "फिक्कं." रस्त्यावर लोक जमायचे बघायला. शेजारचे भटजी एकदा म्हणाले, "साहेब, दहा जणांचा हात लागलेली तार तुम्ही तोंडात घालता, काही सोवळं-ओवळं?" साहेब म्हणाले, "वीज अग्नीची बहीण. तिला विटाळ होत नाही. झाला तर मला होईल, अन् मी रोज आंघोळ करतो. तुमचं तुम्ही बघा."

दुरुस्तीला बसताना बूट काढून लाकडी खडावा घालायचे. लाकडातून वीज जात नाही म्हणे. खडावा हत्यारांच्या पेटीतच असायच्या, पान्यांच्या शेजारी. गाडीशी बोलणं अहो-जाहो. "चला बाईसाहेब, उशीर होतोय." आणि वरचा अधिकारी उजेडात आडवा आला तर त्याला, "ए, सरक तिकडं." बढती कधी झाली नाही ती का, हे सांगायला नको.

देवासची त्यांची एक गोष्ट ते स्वतःच सांगायचे. देवासला तेव्हा एका गावात दोन राज्यं, थोरली पाती अन् धाकटी पाती. एकाच रस्त्याची ही कड एकाची, ती कड दुसऱ्याची. साहेबांनी गाडी आणली तशी थोरल्या पातीतल्या एका सरदाराची घोडी बुजली आणि तो पडला. बोलावणं आलं. साहेब म्हणाले, "घोडी बुजली तुमच्या हद्दीत, पण भोंगा वाजला तो धाकट्या पातीच्या हवेत. त्यांच्याकडे दाद मागा." धाकट्या पातीवाले म्हणाले, आमच्या हवेत काही वाजलेलं नाही. तेव्हापासून साहेब तिथं गेले की रस्त्याच्या अगदी मधोमध गाडी चालवायचे. "मधल्या रेघेवर कुणाचंच राज्य नाही, लेका. तिथं फक्त बैल आडवे येतात."

वीज मला त्यांनीच शिकवली. म्हणाले, "वीज म्हणजे सून समज. बॅटरी तिचं सासर. दिवा, भोंगा, इंजिनातली ठिणगी, ही तिची माहेरं. ती सासरहून निघते, माहेरी जाऊन उजेड पाडते, पण परत सासरी यायला तिला रस्ता पाहिजे. तो बंद असेल तर ती उंबऱ्याबाहेर पाऊलच टाकत नाही. जाते तारेतून, येते गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून. आणि सांगाड्यातून बॅटरीत शिरायला ही एक जाड तार." खोगिराखाली स्क्रूनं आवळलेली ती तार. तिला ते परतीची तार म्हणायचे. "जाणाऱ्याकडे सगळं गाव बघतं. परतीचं कोणी विचारत नाही."

माझी बायको नालछ्याची. मांडूच्या रस्त्यावरचं गाव. तिचे वडील बैलगाड्या बांधायचे. त्यांच्या घरी खंडेनवमीला एक रीत होती: जिथं जोड, तिथं तेलशेंदूर. आख, कणा, खिळा, जू, जिथं म्हणून काही सुटू शकतं तिथं शेंदूर लावायचा, म्हणजे वर्षभर सुटत नाही. लग्न होऊन आली तशी तिनं साहेबांच्या गाडीलाही हेच सुरू केलं. साहेबांना मोठं कौतुक. म्हणायचे, "हिला जोड बरोबर कळतात. तुझ्यापेक्षा जास्त."

त्या साली ती पहिलटकरीण. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी साहेबांनी गाडी खोलून साफ केली. परतीच्या तारेचा स्क्रू काढला, लोखंड घासून चकचकीत केलं. नवमीला हत्यार उचलायचं नसतं, म्हणून गाडी तशीच उघडी राहिली. बायकोनं पूजा केली. प्रत्येक जोडाला शेंदूर लावला, बोट दाबून, मनापासून. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळं आवळलं. शेंदूर दिसला, पण पुसला नाही. पूजेचा शेंदूर कोण पुसतो?

दसरा झाला तशी ती बाळंतपणाला माहेरी गेली.

दिवाळी तोंडावर आली होती. सकाळी मी गाडी धूत होतो तर मेहुणा तट्टावरून आला. तट्टू फेसानं भरलेलं. म्हणाला, "दाजी, दाईनं हात टेकले. मूल आडवं आहे. ती म्हणते, धारच्या जनाना दवाखान्यातली डॉक्टरीण आणा, नाही तर दोघंही जातील."

साहेब ओसरीवर दाढी करत होते. अर्धी झाली होती. त्यांनी वस्तरा ठेवला, फेस धोतरानं पुसला आणि म्हणाले, "डॉक्टरीणबाईंना सांग, पिशवी घेऊन फाटकात उभ्या राहा." अर्धी दाढी केलेले साहेब, डब्यात मांडीवर पिशवी घेतलेली डॉक्टरीणबाई आणि मागच्या लोखंडी जाळीवर मी, असे आम्ही निघालो. मेहुणा तट्टावरून मागून यायचा होता. डॉक्टरीणबाई इंदूरकडच्या, बोलायला तुटक. रस्त्यात एकदाच बोलल्या. "पाणी गेलं का?" मी म्हणालो, "मेहुणा म्हणाला पहाटेच." त्यांनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. मला ते आवडलं नाही.

रस्ता म्हणजे सगळी खडी आणि खड्डे. निम्मी वाट झाली असेल. एका नाल्यातून गाडी वर चढली, मोठा हादरा बसला आणि आवाज गेला.

फटफटी बंद पडताना खोकते, आचके देते. ही तशी नाही. कोणी तोंडावर हात ठेवावा तशी गप्प. साहेबांनी भोंग्याचं बटण दाबलं. काही नाही. दिव्याची कळ फिरवली. काही नाही. आजूबाजूला उभी ज्वारी, वर ऊन, आणि कुठं तरी एक होला घुमत होता. अजून मला होल्याचा आवाज सोसत नाही.

साहेब उतरले. पेटी काढली, बूट काढले, खडावा घातल्या.

मी म्हणालो, "साहेब, प्लग बघू?"

"प्लगाला हात लावू नकोस. प्लग मेला तर एकटा मरेल. इथं इंजिन, दिवा, भोंगा, तिघंही एकदम मेले. तिघांचा रोग एक आहे."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी चालत जाते."

"पोचाल तेव्हा दिवे लागलेले असतील, बाई. बसा."

"इथं बसून मी काय करू?"

"काही नाही. तेच अवघड आहे, मला माहीत आहे."

त्यांनी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवून जिभेला लावल्या. तोंड वाकडं झालं. "आंबट. सासर जिवंत आहे." मग तारा पुन्हा जोडल्या, डावा हात पाण्यात भिजवून बॅटरीच्या परतीच्या खिळ्यावर ठेवला आणि जाणाऱ्या तारेच्या एकेक जोडाला जीभ लावत निघाले. किल्लीपाशी आंबट. दिव्यापाशी आंबट. भोंग्यापाशी आंबट. इंजिनाकडे जाणाऱ्या तारेपाशी आंबट. "जायचा रस्ता साफ आहे," ते म्हणाले.

"मग चालत का नाही?"

पुन्हा पहिल्यापासून सुरू. बॅटरी, किल्ली, दिवा. अर्ध्या गालावर वाळलेला साबण, जीभ बाहेर, आणि तोच घोळ पुन्हा. त्यांना कळत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तो माणूस न कळता बघितला. आवाज शांत होता, पण उजव्या पायाची खडावा दगडावर टकटक टकटक वाजत होती. आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

मी म्हणालो, "मी गावात पळतो, बैलगाडी आणतो."

"नको. मला तुझे हात लागतील."

"कशाला? तुम्ही चाटताना धरायला?"

"उलट बोलू नकोस."

माझं डोकं फिरलं. पेटीतला मोठा पाना माझ्या हातात होता, तो मी उचलला. देवाशपथ, मारणार होतो. डॉक्टरीणबाई डब्यात उभ्या राहिल्या. साहेबांनी मान वर न करता म्हटलं, "मारायचं तर उजव्या खांद्यावर मार. डावा हात कामात आहे."

मी ओरडलो, "तिकडं ती माहेरात मरते आहे, परत यायची नाही ती, अन् तुम्ही इथं तारा चाटताय!"

खडावेची टकटक थांबली.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या डाव्या हाताकडे. तो अजून बॅटरीच्या खिळ्यावरच होता. "मूर्ख," ते म्हणाले, आणि मला नाही म्हणाले. "मी हात इथं ठेवतोय. म्हणजे तिला परत माझ्या अंगातून आणतोय. तिच्या रस्त्यानं येऊच देत नाही."

त्यांनी हात उचलून गाडीच्या सांगाड्यावर ठेवला, जिथं रंग उडून लोखंड उघडं होतं तिथं. दिव्याच्या तारेला जीभ लावली.

"फिक्कं."

हात खोगिराखाली परतीच्या तारेच्या टोकाला लावला. "आंबट." एक बोट खाली सरकवून सांगाड्याला. "फिक्कं." पुन्हा वर. "आंबट." एका बोटाच्या अंतरात रस्ता बंद होता. ज्या स्क्रूला त्यांनी स्वतःच्या हातानं आवळलं होतं, तिथं. म्हणून तर तो त्यांनी बघितला नव्हता.

मी स्क्रू काढला. खालून जे निघालं ते लाल होतं. शेंदूर. पण मऊ नाही, नखानं निघेना, लाखेसारखा घट्ट. स्क्रू घट्ट होता तोवर त्याचे आटे लोखंडाला चिकटून होते. हादऱ्यानं तो जरासा ढिला झाला आणि मधे शेंदराची भिंत उभी राहिली. साहेबांनी चाकूनं खरवडून एक कपची काढली, जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"हे तिळाचं नाही. अळशीचं तेल आहे."

मला लगेच कळलं. नऊ दिवस देवीचा अखंड दिवा. तिळाचं तेल तळाला गेलेलं. तिनं उरलेलं दिव्याला राखलं आणि शेंदराला गोठ्यातल्या डब्यातलं घेतलं, दारं रंगवायला आणलेलं. अळशीचं तेल शेंदरात कालवलं की वाळून दगड होतो. रंगारी लोक म्हणूनच वापरतात. तिला काय ठाऊक.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मी लोखंड घासलं, तार बसवली, जीव खाऊन स्क्रू आवळला. दिव्याची कळ फिरवलेलीच राहिली होती. भर उन्हात दिवा लागला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चला, चला, चला."

नालछ्याला पोचलो तर सासूबाई दारात उभ्या होत्या. डॉक्टरीणबाई धावतच आत गेल्या. आम्ही दोघं बाहेर, गाड्यांच्या सुट्या चाकांत बसलो. किती वेळ ते माहीत नाही. आतून तिचा आवाज येत होता, मग येईना, मग आला.

डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या. "आई वाचली," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मुलगा होता. थोडं आधी पोचलो असतो तर..." आणि थांबल्या. पण बोलून गेल्या होत्या.

सासूबाईंनी विचारलं, "एवढा उशीर का झाला?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो ते मलाच माहीत नाही. साहेब उठून उभे राहिले आणि आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले, "चूक माझी आहे. माझ्या हातून एक स्क्रू ढिला राहिला. गाडी वाटेत बंद पडली."

परत येताना मी म्हणालो, "साहेब, खोटं कशाला?"

"खोटं कुठं? शेंदूर तिनं लावला, पण पुसला नाही मी. लोखंडाला लोखंड लागलं पाहिजे हे तिला नाही, मला ठाऊक होतं. अन् ऐक. हे तिच्या कानावर गेलं तर तुझी नोकरी गेली."

पुढं आम्हाला मूल झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, होणार नाही.

बायको धारला आली ती वेगळीच होऊन. साहेबांच्या घरचं काम करायची, पण त्यांच्याशी बोलायची ते फक्त टोचायला. "जिभेला सगळं कळतं, हाताला अक्कल नाही." ते दारात आले तर बसा म्हणायची नाही. पाणी विचारायची नाही. आपल्यात दारी आलेल्या वैऱ्यालासुद्धा पाणी देतात. ती द्यायची नाही. साहेब उभे राहायचे, ऐकायचे, जायचे. मला कितीदा वाटलं, सांगून टाकावं. साहेबांकडे बघितलं की ते डोळ्यांनीच नाही म्हणायचे.

आणि दरसाल खंडेनवमीला सकाळी ते स्वतः एक पितळी वाटी घेऊन आमच्या पायरीवर यायचे. वाटीत तिळाचं तेल. ठेवायचे आणि बाजूला उभे राहायचे. लोक हसायचे. "क्या भिया, साहब ने तेल की दुकान खोल ली?" साहेब म्हणायचे, "घाण्यावरचं ताजं आहे. शेंदूर चांगला बसतो." ती वाटी उचलायची, शेंदूर कालवायची, गाडीच्या जोडाजोडाला लावायची. मग त्यांच्याकडे न बघता म्हणायची, "आता तरी नीट आवळा."

"हो," साहेब म्हणायचे.

अशी वर्षं गेली. गाडी भंगारात गेली, तरी वाटी यायची. मग ती माझ्या हत्यारांना लावायची.

साहेबांना बायको-पोरं नव्हती. शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा आम्हीच होतो. श्वास लागला तशी मी गंगाजलाची लोटी शोधू लागलो, तर ती आधीच घेऊन आली होती. तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्यानं त्यांच्या जिभेवर पाणी घातलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातचं पाणी. साहेबांनी जीभ फिरवली, तोंड वाकडं केलं.

"फिक्कं," म्हणाले.

ती हसली. मोठ्यानं हसली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. साहेब त्यातच गेले.

आता तिचं सांगतो. यंदा पावसाळ्यात ती पडली ती उठली नाही. एक दिवस मला म्हणाली, "अहो, मी नसले तर खंडेनवमी चुकवू नका. आणि तेल तिळाचंच घ्या. अळशीचं वाळतं."

मी तिच्याकडे बघतच राहिलो.

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? एक माणूस दरसाल तिळाचं तेल आणून दारात उभा राहतो. पहिल्या वर्षी नाही कळलं. दुसऱ्या वर्षी गोठ्यातला डबा बघितला. मी काय खुळी आहे?"

"मग इतकी वर्षं त्यांना बोलत का राहिलीस?"

तिनं पांघरुणाचं टोक सरळ केलं. मग म्हणाली, "कुणाला तरी बोलायचंच होतं. स्वतःला बोलले असते तर मी जगले नसते. त्यांना ते कळत होतं. म्हणून तर उभे राहायचे." आणि मग म्हणाली, "पाणी तेवढं आधी द्यायला पाहिजे होतं."

पितृपक्षाच्या आधीच ती गेली.

काल खंडेनवमी झाली. साहेबांच्या खडावा, मोठा पाना आणि तिची विळी पाटावर मांडली. शेंदूर होता, तेल नव्हतं. वाटी घेऊन चौकातल्या दुकानात गेलो. दुकानदार पोरगेला, चांगला आहे बिचारा. म्हणाला, "बाबा, शेंदूर में ही तो मिलाना है. अलसी का ले जाओ, सस्ता पड़ेगा."

मी त्याला काय बोललो ते इथं लिहीत नाही. तेल तिळाचं आणलं.